कानडे डॉक्टरांची मशीनगन

मशीनगन घ्यायची तर कुठली घ्यावी, या एका प्रश्नावर डॉ. सुधीर कानडे यांनी आयुष्याची शेवटची दीड-दोन वर्षं घालवली. ते कुठल्याही सैन्यात नव्हते. नॉटिंगहॅमच्या एका सरकारी हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते आणि त्याच हॉस्पिटलच्या ग्रंथालयात मी नोकरीला आहे. आमची ओळख एवढ्यावरूनच झाली.

मला त्यांनी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. "काय ग्रंथपाल?" असं म्हणत ते दुपारी आत येत आणि खिडकीजवळच्या टेबलावर डबा उघडत. त्या टेबलाच्या वरच, इथे खाण्यास मनाई आहे, अशी पाटी आहे. पहिल्या दिवशी त्यांनी ती नीट वाचली आणि विचारलं, "ही कुणी लिहिली?"

"मी."

"अक्षर छान आहे," असं म्हणून त्यांनी थालीपिठाचा तुकडा मोडला. त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही.

बुटकी, सडपातळ मूर्ती. आवाज कायम एका पातळीवर, ना वर ना खाली. माणसांना झोपवता झोपवता तो तसा झाला असावा. औषध टोचताना ते प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न विचारत: जागं झाल्यावर काय खाणार? पेशंट सांगायला लागे आणि अर्ध्यावर झोपून जाई. ती अर्धी उत्तरं कानडे डॉक्टरांना तोंडपाठ होती. "हे शहर 'चिप्स अँड'वर झोपतं, ग्रंथपाल," ते सांगत. "पुढचं काय ते मला अजून कळलेलं नाही." एक म्हातारी मात्र अख्खी पाककृती सांगून झाल्यावर झोपली होती. तिच्याबद्दल ते फार आदराने बोलत.

दुसरी सवय लेबलांची. भूल देणाऱ्याला प्रत्येक सिरिंजवर औषधाच्या नावाचं रंगीत लेबल लावावं लागतं. ती खोड त्यांच्या बोटांतून घरी उतरली होती. मसाल्यांच्या बाटल्या, गाडीच्या किल्ल्या, टीव्हीच्या मागच्या वायरी, सगळ्यांवर लेबलं. वृंदावहिनी म्हणायच्या, "मलाही एक चिकटव रे सुधीर, विसरलास तर पंचाईत." त्यावर ते गंभीरपणे विचारत, "डोस किती लिहू?"

या माणसाला पन्नाशी उलटल्यावर रानात बंदुका खेळायचा नाद लागला, तो मुलीमुळे. ईशा इथेच जन्मलेली आणि इथेच वाढलेली. युनिव्हर्सिटीत असताना ती एअरसॉफ्ट खेळायला लागली. हा मोठ्या माणसांचा लुटुपुटीच्या लढाईचा खेळ. बंदुका दिसायला हुबेहूब खऱ्या, पण बॅटरीवर चालणाऱ्या आणि त्यांतून प्लास्टिकचे बारीक छर्रे उडतात. लागला तर गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते, म्हणून डोळ्यांवर जाड गॉगल सक्तीचा. शहराच्या उत्तरेला अशा एका खेळाचं रान आहे. एका रविवारी डॉक्टर ईशाला तिथे सोडायला गेले. ते गाडीतच शब्दकोडं सोडवत बसणार होते. लघवीला जायचं म्हणून उतरले, तर दारावरच्या मार्शलने, म्हणजे खेळाच्या पंचाने, त्यांना गॉगल आणि भाड्याची बंदूक देऊन सरळ आत पाठवलं.

पुढचं ईशाने मला सांगितलेलं. तिच्या मराठीची लिंगं कायम आपापल्या मर्जीने चालत. "बाबा एक लॉगच्या मागे झोपला होता. मी ओळखला नाही. मी मागून शूट केला. आणि बाबा इतका लाउड ओरडला, 'लागली!' सगळे लोक फ्रीझ. कुणाला कळला नाही ना, काय म्हणतो!"

डॉक्टरांना त्या खेळातला जो नियम सर्वांत आवडला, तोही याच प्रसंगात होता. छर्रा अंगावर खूण सोडत नाही. कुणाला लागला हे पंचालाही दिसत नाही. म्हणून ज्याला लागला त्यानेच हात वर करून 'हिट' म्हणायचं, डोक्यावर तांबडं फडकं टाकायचं आणि मुकाट्याने बाहेर जायचं. सगळा खेळ यावर उभा असतो. जो लागूनही सांगत नाही त्याच्याशी कुणी बोलत नाही.

"असं एक खातं मला आपल्या हॉस्पिटलात दाखवा," डॉक्टर म्हणाले. "ज्याला लागलं तोच सांगतो, दुसरा कुणी विचारत नाही. मी तीस वर्षं मीटिंगांना बसतोय, ग्रंथपाल. मला भरून आलं हो तिथे, चिखलात."

त्यानंतर ते दर रविवारी जायला लागले. ईशाला पुढे मेडनहेडला नोकरी लागली, तरी ती शनिवारी संध्याकाळी गाडी हाकत घरी येई, ती याच्यासाठी. बाप-लेकीत एरवी फार बोलणं नव्हतं. त्यांचं मराठी तिला पुरत नसे आणि तिचं इंग्रजी त्यांना फार भरभर वाटे. रानात मात्र हाताच्या खुणांनी त्यांचं उत्तम चाले. त्यांच्या टीमचा म्होरक्या टेरी नावाचा अवजड लॉरी चालवणारा मनुष्य होता. तो नॉटिंगहॅमच्या रीतीप्रमाणे लहानथोर सगळ्यांनाच लाडाने 'डक' म्हणायचा. डॉक्टरांच्या थालीपिठाचा तो मोठा भक्त. त्याला ते भाजलेलं कार्डबोर्ड वाटे आणि तरीही त्याला ते दर रविवारी हवं असे.

एका सोमवारी दुपारी डॉक्टर ग्रंथालयात आले, पण डबा न घेता.

पेशंट पूर्ण झोपला की त्याच्या घशात श्वासाची नळी घालतात. त्यासाठी डाव्या हातात पात्याचं एक हत्यार धरून जबडा उचलून धरावा लागतो. हे काम त्यांनी हजारो वेळा केलं होतं. त्या सकाळी ते हत्यार त्यांना जड लागलं. नळी व्यवस्थित गेली, ऑपरेशन पार पडलं, कुणाला काही दिसलं नाही. कानडे डॉक्टर बाहेर आले, पुढच्या केसेस दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली केल्या आणि विभागप्रमुखाला जाऊन सांगितलं, उद्यापासून मला ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवू नका.

"आज मीच हात वर केला," ते मला म्हणाले आणि डावा हात टेबलावर पालथा ठेवला. अंगठा आणि तर्जनीमध्ये खळगा पडला होता. त्या खळग्यातली कातडी मधूनच आपोआप हलत होती, पाण्याखालून मासळी गेल्यासारखी. "बघा. त्या नसा मरताहेत. तपासण्या होतील, पण त्या बाकीच्यांसाठी. मला ठाऊक आहे."

स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात असा तो आजार. आधी हात, मग पाय, मग गिळणं, शेवटी श्वास. डोकं अखेरपर्यंत शाबूत राहतं. उपाय नाही. मी ग्रंथपाल असल्यामुळे माझ्या तोंडून माझ्या धंद्याचंच वाक्य निघालं. मी म्हणालो, "मी शोध घेऊ का? नवीन काय आलंय ते?"

"नको. त्यात वाचण्यासारखं काही नाही. मी पाहिलंय. तुम्ही मला दुसरं शोधून द्या." ते थांबले. "मशीनगन."

मला वाटलं त्यांना हसवायचंय. पण त्यांनी तो विषय केस समजावावी तसा समजावला. आता पळणं कमी होत जाणार. रायफल घेऊन न पळणारा माणूस टीमच्या कामाचा नाही. पण मशीनगनवाला पळतच नाही. तो एका जागी पडून सतत मारा करतो आणि समोरच्यांना डोकी वर काढू देत नाही. तेवढ्या वेळात त्याची माणसं पुढे सरकतात. त्यांच्या रानात बाकीच्या बंदुकांना एकेक छर्रा सोडायचीच परवानगी होती. सलग मारा फक्त खऱ्या मशीनगनच्या नमुन्यांनाच चाले, म्हणून हलकी रायफल घेऊन तिलाच मशीनगन म्हणण्याची सोय नव्हती.

"म्हणजे बसून राहणं हेच त्याचं काम," मी म्हणालो.

"हो. आणि चाकू दुसऱ्याच्या हातात. मला सवय आहे." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "ईशा पुढे पळत असते, ग्रंथपाल. मी मागून गोळीबार चालू ठेवला तर ती पुढे जाऊ शकते. एवढं मला जमेल असं वाटतं. काही दिवस."

म्हणून मी शोध घेतला. वैद्यकीय विषयावर जसा घेतो तसाच घेतला. खेळणाऱ्यांच्या चर्चा वाचल्या, दुकानांची वर्णनं वाचली, लोकांनी केलेले व्हिडिओ बघितले आणि एक तक्ता बनवला. अमेरिकन एम-सिक्स्टीच्या नमुन्याची बंदूक सर्वांत देखणी आणि सर्वांत जड. तिच्याबद्दल लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण शेवटी आपल्या खांद्याबद्दल लिहायचा. दुसरा नमुना एम-टू-फोर-नाइनचा, आकाराने आटोपशीर. तो पूर्ण धातूचा मिळतो, तसाच प्लास्टिकच्या अंगाचा, बराच हलका, पण लवकर मोडणारा असाही मिळतो. तिसरा रशियन. तो खरं तर लांब नळीची रायफलच, पण मशीनगनमध्ये धरली जाणारी. सगळ्यांत हलका, पण त्याच्या गोल डब्यात छर्रे कमी मावतात आणि दर थोड्या वेळाने डबा बदलावा लागतो. डबा बदलायला दोन चांगले हात लागतात. हे मी तक्त्यात लिहिलं नाही, पण डॉक्टरांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं.

"पुरावा कुठल्या दर्जाचा?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक सगळा एकेका माणसाचा अनुभव. नियंत्रित चाचणी एकही नाही."

"मग आपल्याच विभागासारखं झालं," ते म्हणाले. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

दुकान डर्बीच्या वाटेवर एका औद्योगिक वसाहतीत होतं, टायरवाल्याच्या शेजारी. डॉक्टर, वृंदावहिनी आणि मी गेलो. दुकानदाराने तिन्ही बंदुका काउंटरवर मांडल्या. डॉक्टर एकेक उचलत, खांद्याला लावत, खाली ठेवत आणि पुन्हा पहिलीकडे वळत. वहिनी खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मंगळसूत्र घेताना एवढा वेळ लावला नव्हतास."

"ते तुला उचलायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

माझ्या तक्त्याप्रमाणे प्लास्टिकच्या अंगाची घ्यायला हवी होती. दुकानदाराचंही मत तेच पडलं. डॉक्टरांनी धातूची घेतली. गाडीत मी कारण विचारलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हलकी आज घेतली तर ती पुढच्या, हात गेलेल्या कानडेची निवड झाली. मी अजून आजचा कानडे आहे." वहिनी गाडी चालवत होत्या. त्यांनी वायपर चालू केले, आणि बाहेर पाऊस नव्हता.

ती बंदूक त्यांनी शरद ऋतूपर्यंत वापरली. मी एकदोनदा बघायला गेलो. डॉक्टर पानांच्या राशीत पालथे पडलेले असत, बंदुकीचे पुढचे दोन पाय ओंडक्यावर टेकलेले. पांढऱ्या छर्र्यांची सलग रेघ झाडांतून जाताना दिसे. ती रेघ बघून ते नेम वर-खाली करत. ईशा आणि टेरी वाकून पळत. पलीकडे कुणीतरी मधूनच हात वर करून 'हिट' ओरडे. डॉक्टरांचा चेहरा तेव्हा थिएटरमध्ये असायचा तसाच असे. मग एका रविवारी ती बंदूक गाडीच्या डिकीतून त्यांना उचलेना. ते डिकीपाशी उभे राहिले, दोनदा प्रयत्न केला, झाकण लावलं आणि ईशाला म्हणाले, "आज मी चहा देतो सगळ्यांना."

त्यानंतर प्लास्टिकची घेतली. पण मधल्या काळात हॉस्पिटलच्या खेपांमुळे खेळ बुडाले होते. इथे हुबेहूब खरी दिसणारी बंदूक विकत घ्यायला तुम्ही कुठल्यातरी रानाचे चालू, नोंदलेले खेळाडू असावं लागतं. डॉक्टरांची नोंद संपली होती. नोंद नसलेल्याला दुकानदार फक्त अर्धीअधिक भडक रंगवलेली बंदूक विकू शकतो. त्यामुळे कानडे डॉक्टरांची दुसरी मशीनगन निळी होती, लहान मुलांच्या घसरगुंडीचा निळा असतो तशी. वहिनींना ती पहिलीपेक्षा बरी वाटली. टीममध्ये कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

निवड नेहमी हाताच्या मागेच राहिली. धातूची घेतली तेव्हा हाताला खरं तर प्लास्टिकचीच सोसली असती. प्लास्टिकची आली तोवर तीही दुसऱ्याने उचलून ठेवावी लागत होती. तरी ठेवल्यावर उजव्या हाताचं एक बोट चाले. काठी घेऊन, एका बाजूला ईशा आणि दुसऱ्या बाजूला टेरी, असे ते रानात जात. तिथे पोत्यांची एक बुटकी भिंत होती, तिच्यामागे त्यांना बसवत. डबा भरायला आणि बॅटरी बदलायला कुणीतरी शेजारी हवं म्हणून मीही गॉगल लावून बसू लागलो. त्या हिवाळ्यात त्यांना बरेच हिट मिळाले. गाडीतून परतताना ते एकेक सांगत. त्या उंच मुलाला कसं खड्ड्याच्या काठावर टिपलं, समोरच्या टीममधल्या टेरीच्या भावाला झाडामागून निघताना कसं. जेवताना आता घास घशात अडकत असे, पण या गोष्टी अडकत नसत. वहिनी मला म्हणाल्या, "रविवारमुळे सोमवार निघतो."

मग वसंतातला तो रविवार आला. बर्चच्या झाडांना कोवळी पानं होती आणि खाली निळ्या घंटाफुलांचा गालिचा. त्यावर सगळे बूट घालून पळत होते. डॉक्टर पोत्यांमागे बसले. छर्र्यांच्या डब्यातून बंदुकीत जाणारी एक नळी असते, ती खटक्यात दाबून बसवावी लागते. ते तेवढं एक काम अजून स्वतः करत आणि मला करू देत नसत. त्या दिवशीही त्यांनीच केलं. पलीकडे चरापाशी तिघे जण दिसले. डॉक्टरांनी ट्रिगर दाबला. बंदुकीचं यंत्र घरघरलं.

चरापाशी एकाने हात वर केला. "हिट!" मग दुसऱ्याने. तिसरा धिप्पाड होता. त्याने छातीवर हात मारला, नाटकातल्यासारखा गुडघ्यावर बसला आणि मग ओरडला. तिघांनी तांबडी फडकी डोक्यावर टाकली आणि ते चालू लागले.

डॉक्टरांनी बोट काढलं. ते समोर झाडांकडे बघत होते. ऊन स्वच्छ होतं आणि झाडांमधून पांढरी रेघ गेलेली नव्हती.

"ग्रंथपाल, नळी बघा."

नळी खटक्यातून सुटून बाहेर लोंबत होती. मी डबा उघडला. काठोकाठ भरलेला. सकाळी भरला होता तसाच. बंदुकीतून एकही छर्रा बाहेर पडला नव्हता.

मी डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाहिलं. उजवा हात कोपरापर्यंतच वर जायचा, तो तेवढा वर केला आणि म्हणाले, "हिट."

जवळचा मार्शल धावत आला. "तुला कुणी मारलं नाही, डक. तू खेळ."

"मला लागलंय," कानडे डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, त्यांच्या त्या सपाट आवाजात. "माझं फडकं द्या."

परतताना ईशा गाडी चालवत होती. ते पुढे तिच्या शेजारी. मी मागे, निळी बंदूक मांडीवर आडवी घेऊन.

"ईशा. त्यांना कुणी सांगितलं?"

तिने गिअर बदलला.

"टेरीने?"

"नाही. मी. मी सांगितला."

"काय सांगितलंस?"

"सांगितला की प्लीज... बाबाला थोडे मिळू दे. जस्ट थोडे. तू इतका हॅपी असायचा, बाबा, गाडीत."

"कधीपासून?"

"बाबा, प्लीज."

"कधीपासून?"

"ख्रिसमस."

ते मनातल्या मनात मागे मागे जात असावेत. मग विचारलं, "टेरीच्या भावाला मारलं, ते? झाडामागून निघताना?"

"आय डोन्ट नो." ती रडत होती आणि रस्त्याकडे बघत होती. "तो मे बी खरा होता. मे बी, बाबा."

"मे बीचं मी काय करू?" ते म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं. मलाही ते मागे वळून विचारतील असं वाटलं, पण मान तेवढी वळत नव्हती.

नंतर ते रानात गेले नाहीत. ईशावर रागावले नाहीत, तिने तो विषय काढला की तिच्या हातावर हात ठेवत, जोवर ठेवता येत होता तोवर. पुढच्या आठवड्यात टेरी घरी आला, डोनट्सचं खोकं घेऊन, बूट दारातच काढून. एवढा मोठा माणूस मोज्यांवर दिवाणखान्याच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, "आम्हाला वाटलं तुला आवडेल, डक."

"आवडलं ना," डॉक्टर म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

वहिनींनी डोनट्स बशीत काढले. डॉक्टरांना ते गिळता येत नव्हते आणि त्यांच्यासमोर खायचं कुणाला धाडस होईना. शेवटी टेरीने उरलेलं एक थालीपीठ मागून घेतलं, उभ्याउभ्या खाल्लं आणि गेला.

पुढचं सगळं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं त्याच क्रमाने झालं. मी भोळेपणाने काहीतरी चुकेल, काहीतरी थांबेल अशी वाट पाहत होतो. काही चुकलं नाही. दिवाणखान्यात हॉस्पिटलची कॉट आली. पोटात नळी बसली. श्वासासाठी नाकातोंडावर मुखवटा आला, आधी रात्रीपुरता, मग दिवसाही. आवाज गेला. डोळ्यांच्या हालचालीने अक्षरं निवडून बोलणारं यंत्र मिळालं. त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. कानडे डॉक्टर आयुष्याच्या शेवटी आपल्या बायकोशी कुणा परक्या इंग्रज बाईच्या आवाजात बोलले. या सगळ्यातून मला काही शिकायला मिळालं असं नाही. कुणी तसं म्हणालं की मला तिथून उठावंसं वाटतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं एका शनिवारी दुपारी. त्यानंतर आठवड्याच्या आत ते गेले. वहिनी आतल्या खोलीत जरा पडल्या होत्या. ईशा स्वयंपाकघरात नळीतून द्यायचं दूध मापत होती. मी खुर्ची कॉटजवळ ओढली आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटणं म्हणजे नको, वर पाहणं म्हणजे हो, अशी तेव्हा आमची भाषा ठरलेली होती. यंत्रावर त्यांची नजर हळूहळू फिरू लागली. पुष्कळ वेळाने ती बाई म्हणाली, "गन्स."

मी फोनवर त्याच दुकानाचं पान काढलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. नवीन काही नमुने आले होते. एकेक वाचू लागलो. नाव, लांबी, बॅटरी, डब्यात किती छर्रे. पहिलीला डोळे मिटले. दुसरीलाही. तिसरी एक रशियन होती, लाकडी दस्त्याची, अंगाखांद्याने भरलेली, माझ्या जुन्या तक्त्यातल्या कुठल्याहीपेक्षा मोठी. वर्णन वाचून झाल्यावर मी थांबलो. त्यांनी डोळे मिटले नाहीत आणि वरही नेले नाहीत. ते पुन्हा यंत्राकडे वळले. मुखवट्यातली हवा आत-बाहेर होत राहिली. पहिलं अक्षर आलं, मग दुसरं.

"वेट," बाई म्हणाली.

मी खाली सरकवून वजन शोधलं. "आठ किलोच्या वर. रिकामी असताना."

त्यांनी डोळे वर नेले.

"ही आवडली?"

वर.

"मागवायची?"

मिटले. ताबडतोब, जरा चिडूनच, अडाण्याने भलता प्रश्न विचारावा तसे. मग उघडले आणि पुन्हा चित्राकडे बघू लागले. माझा हात भरून आला होता. मी फोन दुसऱ्या हातात घेतला, तर त्यांची नजर तो इकडून तिकडे जाईपर्यंत थांबली, आणि मग नळीच्या टोकापासून दस्त्यापर्यंत पुन्हा पहिल्यापासून निघाली.